इंग्रजीच्या वाटेनें आलेली रशियन

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्होल्गा नदीच्या कांठच्या त्वेर नगरांतला अफानासी निकितिन नांवाचा एक व्यापारी आपल्या कोंकणांत, चौलच्या बंदरांत, येऊन उतरला. त्याच्याबरोबर विकावयास आणलेला एक घोडा होता. त्याच्या आगमनाचें वर्ष बहुधा 1469 मानितात. कांहीं संशोधक तें 1471 पर्यंत पुढें नेतात. पाली आणि उमरी या ठिकाणांवरून कित्येक दिवसांच्या प्रवासानें तो जुन्नरास पोंचला. तेथें त्यानें आपल्या टिपणांत एक चमत्कारिक गोष्ट नोंदून ठेवली. ईस्टरनंतर सुमारें पन्नास दिवसांनीं ख्रिस्ती लोकांचा जो सण येतो, त्या दिवसापासून या देशांत हिवाळा लागला, आणि चार महिने रात्रंदिवस पाऊस व चिखल यांखेरीज दुसरें कांहीं नाहीं, असें तो म्हणतो. याच दिवसांत लोक जमीन नांगरतात आणि पेरणी करतात, असेंही तो पुढें सांगतो.

हा सण मे किंवा जून महिन्यांत येतो. मग जूनमध्यें हिवाळा कसा लागला? मूळ रशियन टिपणांत शब्द आहे ‘झिमा’. इंग्रजी भाषांतरकारानें त्याचा अर्थ कोशाप्रमाणें दिला. तो चुकीचा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यानें आषाढांतला सह्याद्रि पाहिला आहे, त्याला कोश उघडावा लागत नाहीं. निकितिनचा हा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. त्याच्या देशांत वाटा बंद करणारा, माणसाला चार भिंतींच्या आड बसविणारा ऋतु एकच होता, आणि त्याचें नांव झिमा. येथेंही वाटा बंद झाल्या, येथेंही त्याला एका जागीं मुक्काम करावा लागला. म्हणून त्यानें आपलाच शब्द येथल्या ऋतूला दिला. जुने लोक ज्याला चातुर्मास म्हणत, त्याचें हें एका परदेशी मनुष्यानें केलेलें वर्णन आहे. महाडकडच्या किंवा वीरकडच्या शेतकऱ्याला तें वाचून दाखविलें, तर तो क्षणांत ओळखील. इंग्रजींतून वाचणारा सुशिक्षित मनुष्य मात्र तेथें अडखळतो.

आजचा आपला विषय हाच आहे. रशियन शब्द आपल्याकडे आले ते बहुतेक इंग्रजीच्या वाटेनें आले. या वाटेनें आपल्याला काय मिळालें, काय हरवलें, आणि जें हरवलें तें परत मिळविण्याचें साधन आपल्याच घरांत कसें आहे, याचा थोडा विचार करूं.

प्रथम ही वाट कशी तयार झाली तें पाहूं. निकितिन स्वदेशीं परत निघाला, परंतु घरीं पोंचण्यापूर्वींच स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याचीं टिपणें पुढें इतिवृत्तांच्या हस्तलिखितांत शिरलीं आणि जवळजवळ विस्मृतींत गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं करामझिन या रशियन इतिहासकाराच्या हातीं तीं लागलीं. इंग्रजींत तीं आलीं 1857 सालीं. लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीनें पंधराव्या शतकांतील हिंदुस्थानविषयक प्रवासवर्णनांचा एक संग्रह त्या वर्षीं काढला, आणि त्यांत काउंट व्हिएलहोर्स्की यांनीं केलेलें निकितिनचें भाषांतर छापलें गेलें. योगायोग असा कीं, त्याच 1857 सालीं मुंबईंत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. रशियनकडून इंग्रजीकडे येणारी आणि इंग्रजीकडून मराठीकडे येणारी अशीं या वाटेचीं दोन्ही टोकें जणूं एकाच वर्षीं बांधून तयार झालीं. पुढच्या शंभर वर्षांत महाराष्ट्राला रशिया दिसला तो याच वाटेवरून. साने गुरुजींनीं टॉल्स्टॉयचा कलाविषयक ग्रंथ ‘कला म्हणजे काय?’ या नांवानें मराठींत आणला तो इंग्रजीवरून. पु. ल. देशपांडे यांनीं गोगोलच्या प्रसिद्ध प्रहसनाचें ‘अंमलदार’ केलें तेंही इंग्रजीच्या आधारानें. या वाटेचे उपकार थोडे नाहींत, हें आधींच सांगितलें पाहिजे. इंग्रजी नसती तर टॉल्स्टॉय आणि चेकॉव्ह हीं नांवें आपल्या घरोघर पोंचलीं नसतीं.

परंतु प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागते, तशी येथेंही द्यावी लागली. ती कशी, हें नात्यागोत्याच्या शब्दांवरून चांगलें समजतें. इंग्रजींत नवऱ्याचा भाऊ, बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा या सर्वांना एकच शब्द पुरतो. साडूलाही बहुधा त्यांतच ओढतात. नणंद, जाऊ, मेहुणी आणि भावजय या चौघींचीही तीच गत. आपल्या घरांत या नात्यांची अशी गल्लत करून चालेल काय? दिराशीं वागण्याची रीत निराळी, मेहुण्याशीं निराळी. आतां रशियन भाषा काय करते तें पाहा. नवऱ्याचा भाऊ ‘देवेर’, बायकोचा भाऊ ‘शूरिन’, साडू तो ‘स्वोयाक’, नणंद ती ‘झोलोव्का’, मेहुणी ती ‘स्वोयाचेनित्सा’. रशियन शिकणारा मराठी विद्यार्थी इंग्रजी कोश उघडतो, तेव्हां यांतल्या प्रत्येक शब्दापुढें त्याला तोच एक मोघम शब्द आणि त्याच्यामागें लांबलचक कंस दिसतो. तो कंस पाठ करण्यांत त्याचा सगळा वेळ जातो. वास्तविक त्यानें वहींत ‘देवेर म्हणजे दीर’ एवढेंच लिहिलें असतें, तर काम झालें असतें.

शरीराच्या अवयवांची गोष्ट तशीच आहे. रशियन ‘रुका’ या शब्दापुढें इंग्रजी कोश दोन अर्थ देतो. एक मनगटाखालच्या भागाचा, दुसरा खांद्यापासून मनगटापर्यंतच्या भागाचा. ‘नोगा’ या शब्दालाही दोन अर्थ, ‘पालेत्स’ या शब्दालाही दोन. विद्यार्थी घाबरतो कीं या भाषेंत एकेका शब्दाला दोन दोन अर्थ, आतां वाक्यांत कोणता घ्यावयाचा? खरें पाहतां रुका म्हणजे हात, नोगा म्हणजे पाय, आणि पालेत्स म्हणजे बोट, मग तें हाताचें असो वा पायाचें. दोन अर्थ रशियनमध्यें नाहींत, मराठींतही नाहींत. ते इंग्रजींत आहेत. वाटेंत लागलेल्या धर्मशाळेच्या खोल्या मोजून आपण त्या पाहुण्याच्या घराच्या आहेत असें समजतों, त्यांतला हा प्रकार आहे.

वाङ्‌मयांत ही जकात आणखी जड होते. रशियनमध्यें ‘ति’ म्हणजे तूं आणि ‘वि’ म्हणजे तुम्ही. कादंबरींतलीं दोन माणसें एकमेकांना ‘वि’ म्हणतां म्हणतां एके दिवशीं ‘ति’ म्हणूं लागतात, तेव्हां त्यांच्यामधला एक पडदा गळून पडलेला असतो. पुश्किनची 1828 सालची एक छोटी कविता तर ‘ति आणि वि’ याच नांवाची आहे, आणि बोलण्याच्या ओघांत चुकून निघून गेलेल्या एका ‘तूं’वर ती उभी आहे. आजच्या इंग्रजींत दोहोंना एकच सर्वनाम. तेव्हां इंग्रजीवरून मराठी करणाऱ्या भाषांतरकारापुढें मोठा पेंच पडतो. मूळ लेखकानें अगदीं स्पष्ट लिहून ठेवलेली गोष्ट मध्येंच पुसली गेलेली असते, आणि मराठीला तर ती लिहिल्यावांचून गत्यंतर नसतें. मग तो आपल्या अंदाजानें कोठें तूं घालतो, कोठें तुम्ही घालतो, कोठें आपण. अंदाज कधीं बरोबर येतो, कधीं येत नाहीं. वाचकाला त्याचा पत्ता लागत नाहीं. एकाद्या घरंदाज वृद्धेला तिचा जांवई सलगीनें अरेतुरे करतांना दिसला, तर दोष टॉल्स्टॉयच्या माथीं बसतो.

मराठी आणि रशियन यांत हें साम्य आलें कोठून? याचीं कारणें इतिहासांत आहेत, आणि तीं एक नव्हे, दोन आहेत.

पहिलें कारण फार प्राचीन. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि स्लाव भाषा एका कुळांतल्या आहेत, हें आतां शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणें वेगळें आणि कानाला जाणवणें वेगळें. रशियन ‘द्वा, त्री, चेतीरे, प्यात’ ऐकावे, ‘ओगोन’ ऐकून अग्नि आठवावा, ‘व्दोवा’ ऐकून विधवा. ज्या मधाला आपण मध म्हणतों, त्याला रशियन मनुष्य ‘म्योद’ म्हणतो. सून या शब्दामागें संस्कृत स्नुषा आहे, आणि रशियन भाषेंत सून ‘स्नोखा’ आहे. दीर या शब्दामागें देवृ आहे, आणि रशियन देवेर त्याचाच भाऊ. जावेसाठीं संस्कृत शब्द यातृ. त्याचा जुन्या रशियनमधला सोयरा ‘यात्रोव’, जो आतां बोलण्यांतून गेला आहे. ज्या झिमेपासून आपण आरंभ केला, तिचें मूळ आपल्या हिमाशीं आणि हेमंताशीं जुळतें. इंग्रजीही याच कुळांतली आहे हें विसरूं नये. तिच्याकडेही विधवेचा आणि दाराचा शब्द याच मुळाचा आहे. परंतु सासरच्या माणसांचीं हीं जुनीं नांवें तिनें कालांतरानें टाकून दिलीं. तीं महाराष्ट्रांत टिकलीं आणि रशियांत टिकलीं.

या नात्याचा एक उलटा दाखलाही सांगण्याजोगा आहे. बोथलिंक आणि रोट या पंडितांचा प्रचंड संस्कृत कोश 1855 ते 1875 या काळांत सात खंडांत निघाला तो रशियाच्या राजधानींत, सेंट पीटर्सबर्ग येथें, तेथल्या विज्ञान अकादमीच्या आश्रयानें. परंतु त्यांत संस्कृत शब्दांचे अर्थ दिले आहेत जर्मन भाषेंत. म्हणजे रशियांत छापलेला संस्कृत शब्द इकडच्या पंडितांनीं वाचावयाचा तो जर्मनीच्या चष्म्यांतून, आणि रशियन शब्द वाचावयाचा तो इंग्रजीच्या. एकाच कुळांतलीं दोन घरें एकमेकांची खुशाली तिसऱ्याच्या पत्रांतून विचारीत राहिलीं.

दुसरें कारण मध्ययुगांतलें आहे आणि त्यासाठीं आपल्याला रायगडाकडे जावें लागेल. कोंकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडच्या वाटेला लागलें, कीं गड फार दूर राहत नाहीं. या गडावर 1674 सालीं राज्याभिषेक झाला आणि पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव आणि डबीर सुमंत झाला. त्यानंतर महाराजांच्या आज्ञेनें ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. तो रघुनाथ पंडितांच्या नांवावर आहे. त्याचे वर्ग दहा असून दरबारांत रुळलेल्या फारशी शब्दांना त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. एका भाषेच्या खांद्यावरून दुसरीकडे पाहण्याची संवय किती खोल जाते, आणि राज्य आपलें झालें तरी शब्द दुसऱ्याचे कसे राहतात, हें ज्या राजानें ओळखलें, त्याच्या दूरदृष्टीचें हें फळ होय.

आतां त्याच काळांतल्या राज्यकारभाराचे जे अठरा कारखाने बखरींत सांगितले आहेत, त्यांतलीं नांवें आठवा. खजिना, अंबारखाना, जामदारखाना. आणि रशियन शब्द ऐका. सरकारी खजिन्याला रशियन भाषेंत ‘काझ्ना’ म्हणतात. धान्याच्या कोठाराला ‘अंबार’. पेटीला ‘सुंदुक’, आपली संदूक. प्रवासाच्या बॅगेला ‘चेमोदान’. हा फारशी जामदान, ज्यांत जामे म्हणजे कपडे ठेवावयाचे, आणि तोच जामा आपल्या जामदारखान्यांत बसला आहे. दरबारांत मानाचा पोशाख म्हणून जी खिलत मिळे, ती रशियांत जाऊन ‘खालात’ झाली, आणि आज तेथें डॉक्टरचा पांढरा अंगरखाही खालातच. बाजार तर दोन्हीकडे बाजारच. हे शब्द ना रशियनमधून मराठींत आले, ना मराठींतून रशियनमध्यें गेले. तेराव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रशियावर मोंगल-तातार सत्तेचा अंमल होता. दक्षिणेंत 1347 पासून बहामनी राज्य उभें राहिलें. दोन्ही दरबारांच्या आणि बाजारांच्या बोलींत तुर्की, फारशी, अरबी शब्दांचा भरणा होता. एकाच हंड्यांतलें पाणी दोन घरांत भरलें गेलें.

आणि म्हणूनच निकितिन येथें वावरूं शकला. त्याच्या काळीं इंग्रजीचा या व्यवहाराशीं कांहीं संबंध नव्हता. व्होल्गेच्या व्यापारांत उपयोगी पडणारी तीच मिश्र बोली त्याला चौलपासून बिदरपर्यंत पुरली. जुन्नरास असदखानानें त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन म्हणून बजावलें. तेव्हां खोरासानचा एक खोजा महंमद मध्यें पडला आणि घोडाही सुटला, धर्मही राहिला. निकितिनच्या टिपणांत मध्येंच रशियन थांबते आणि तुर्की-फारशी वाक्यें सुरू होतात. येथल्या घोड्यांना काय चारतात हें लिहितांना त्यानें ‘किचिरिस’ असा शब्द घातला आहे. ही आपली खिचडी. साखर घालून ती शिजवीत, असें तो सांगतो, आणि साखरेला त्याचा शब्द आहे ‘साखार’. आपल्याच शर्करेचा दूरदेशीं गेलेला नातू. तिच्या जोडीला ‘मास्लो’ घालीत असेंही तो म्हणतो. मास्लो म्हणजे तेलही आणि लोणीही. इंग्रजींत आणतांना भाषांतरकाराला दोहोंपैकीं एक निवडणें भाग पडतें. तें तूप असावें कीं तेल, हा प्रश्न आपल्या इतिहासाचा आहे, कारण त्यावरून दख्खनच्या पागेंत घोड्याला काय मिळत होतें हें ठरतें. त्याचा निर्णय मूळ शब्दाकडे गेल्यावांचून होणार नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मराठी म्हणजे रशियनची किल्ली, असा भ्रम कोणी करून घेऊं नये. सारख्या दिसणाऱ्या शब्दांत फसगतही असते. रशियन ‘साराय’ म्हणजे अडगळीची खोपटी. आपली सराई नव्हे. ‘आर्बूझ’ आणि खरबूज हे एकाच मुळाचे, पण रशियन आर्बूझ म्हणजे कलिंगड. कित्येक ठिकाणीं मराठीही इंग्रजीइतकीच अपुरी पडते. आपण ‘जाणें’ हें एक क्रियापद सर्वत्र वापरतों. रशियन मनुष्य पायीं जाण्यास एक क्रियापद वापरतो आणि वाहनानें जाण्यास दुसरें. सासूसासऱ्यांच्या बाबतींत तर रशियन आपल्याहून काटेकोर आहे: नवऱ्याची आई ‘स्वेक्रोव’, बायकोची आई ‘त्योश्चा’. आपण दोघींनाही सासू म्हणतों. पण हे फरकही दोन भाषा शेजारीं ठेवल्या तरच दिसतात. मध्यें तिसरी उभी असली कीं दिसत नाहींत.

हा विचार केवळ पंडितांच्या विनोदाचा नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मॉस्कोच्या प्रगति आणि रादुगा या प्रकाशनांनीं रशियन पुस्तकें मराठींत काढलीं. अनिल हवालदार यांच्यासारख्या भाषांतरकारांनीं तीं थेट रशियनवरून केलीं, आणि महाराष्ट्रांतल्या अनेक घरांतलीं मुलें तीं वाचून वाढलीं. 1991 सालीं सोव्हिएत संघ संपला आणि तो ओघ आटला. पुणें आणि मुंबई येथील विद्यापीठांत रशियन आजही शिकविली जाते. पण आजचा मोठा विद्यार्थिवर्ग वेगळाच आहे. महाराष्ट्रांतलीं कित्येक मुलेंमुली वैद्यकाच्या शिक्षणासाठीं रशियांत जातात. त्यांचीं व्याख्यानें पुष्कळदां इंग्रजींत होतात. परंतु रुग्णालयांत खाटेवर पडलेली म्हातारी इंग्रजी बोलत नाहीं. ती म्हणते, ‘मला थंडी वाजते’, ‘माझा हात दुखतो’. रशियन भाषेंत हीं वाक्यें मराठीच्याच घडणीचीं आहेत. ‘मला’ या चतुर्थीनेंच तिचें पहिलें वाक्य सुरू होतें. आपल्या विद्यार्थ्यानें मात्र तें इंग्रजी सांच्यांत घालून शिकलेलें असतें. तो मनांत प्रथम ‘मी’ शोधतो, मग हाताचे दोन अर्थ शोधतो, आणि तोंवर रुग्ण दुसरीकडे मान फिरवितो.

तेव्हां ज्यांच्या घरांत कोणी रशियन शिकत असेल, त्यांनीं इंग्रजी कोश फेंकून द्यावा असें मी म्हणणार नाहीं. मोठे आणि चांगले कोश त्याच भाषेंत आहेत. परंतु शब्दांच्या वहींत दोन रकान्यांऐवजीं तीन आंखावेत. पहिल्यांत रशियन शब्द, दुसऱ्यांत कोशांतला इंग्रजी अर्थ, आणि तिसऱ्यांत, थोडा विचार करून, स्वतःचा मराठी शब्द. तिसरा रकाना कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं. तो ज्याचा त्यानें भरावयाचा असतो. कित्येकदां तो कोरा राहील, आणि तेथें आपल्या भाषेंत काय नाहीं हें कळेल. कित्येकदां दुसऱ्या रकान्यांतल्या चार ओळींपुढें तिसऱ्यांत एकच शब्द पडेल: दीर, हात, मध, संदूक.

अशा वहींत झिमा या शब्दापुढें दुसऱ्या रकान्यांत कोशांतला अर्थ येईल, आणि तिसऱ्यांत हिवाळा. मात्र ज्यानें निकितिन वाचला आहे, तो त्याखालीं बारीक अक्षरांत आणखी एक शब्द लिहील: जुन्नरास, पावसाळा.